बाळूतात्यांची जपानी जोडी

दूध कट्ट्यावर उभं राहून ग्लास नाकारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसानं भरलेला ग्लास हातात देतो. पैलवान असो की वकील, सगळे तो ग्लास तोंडाला लावतात, ओठांवरचा फेस मनगटाने पुसतात आणि घरी जातात. आमचे शेजारी बाळूतात्या साळोखे मात्र पुढे आले की आधी कोटाची बटणं काढायचे. आतून पंच्यात गुंडाळलेलं एक गाठोडं बाहेर यायचं, सावकाश गाठ सुटायची, आणि पंच्यातून राखाडी रंगाचा, जरासा वाकडा, मातीचा वाडगा निघायचा.

"ह्यात काढा धार," तात्या म्हणायचे.

"आवं तात्या, म्हस बुजती की ते बघून."

"बुजू दे. जपानी हाय म्हनावं तिला."

मग तो भरलेला वाडगा ते दोन्ही हातांत धरत, डोळे मिटत आणि दूध पीत. तेवढ्यात शेजारी कुणी एका हाताने ग्लास धरलेला दिसला तर त्याची धडगत नसे. "दोन्ही हातांनी, पावणं! दोन्ही हातांनी! दूध हाय त्ये, बिडी न्हाय." ओळखीचे लोक हसत. परगावचे लोक घाबरून दुसरा हातही ग्लासाला लावत.

बाळूतात्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करणारे. त्यामुळे हात सुताराचा आणि आवाज भट्टीवर ओरडून कमावलेला. घरात बसून "मीठ द्या" म्हणाले तरी इकडे आमच्या घरात कुणीतरी मीठ द्यायला उठे. मंगळवार पेठेत त्यांचं घर आणि आमचं बिऱ्हाड यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि ती भिंत आपलं काम फारसं मनावर घेत नसे. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे सगळी गल्ली मला 'बाई' म्हणे. तात्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता, मुलगी कागलला दिली होती. घरात तात्या आणि हौसावहिनी, अशी दोनच माणसं. त्या दोन माणसांमध्ये दोन वाडगे कसे आले, ते आता सांगते.

स्कूटरला नंबर लावून वाट पाहत बसायचे ते दिवस होते. फौंड्रीच्या मालकांनी जपानहून एक यंत्र मागवलं आणि ते शिकून यायला एका इंजिनिअरबरोबर तात्यांनाही काही महिने तिकडे धाडलं. गल्लीतला माणूस विमानात बसणार म्हटल्यावर कोण आनंद! जपान म्हणजे तेव्हा आमच्या लेखी ट्रान्झिस्टर आणि नायलॉनच्या साड्या. तात्या परत येईपर्यंत हौसावहिनींनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना नायलॉनच्या साडीचा रंगसुद्धा सांगून ठेवला होता. मोरपंखी.

तात्या आले त्या दिवशी निम्मी गल्ली स्टेशनवर होती. ट्रंका हमालाच्या डोक्यावर होत्या, पण एक लाकडी पेटी तात्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. विमानात ती मांडीवर होती, मुंबईहून येताना रेल्वेत मांडीवर होती आणि आता टांग्यातही मांडीवरच बसली. "ट्रान्झिस्टर लई नाजूक असतोय," कुणीतरी जाणकाराने सांगितलं. घरी आल्यावर सोप्यात सगळ्यांसमोर पेटी उघडली. आत भाताचा पेंढा, पेंढ्यात जपानी वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रात दोन वाडगे. एक मोठा, एक लहान.

"ह्ये काय?" हौसावहिनींनी विचारलं.

"जोडी हाय."

"मातीची?"

"हातानं केल्याली!"

"कुंभार गल्ली काय लांब हाय व्हय हितनं?" असं म्हणून वहिनी आत गेल्या. त्या दिवसानंतर नायलॉनच्या साडीचा विषय गल्लीत कुणी काढला नाही. काढायची कुणाची छातीच नव्हती.

त्या जोडीची कथा तात्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी स्वतःच जपानला जाऊन आल्यासारखं वाटतं. नागोया नावाच्या शहराजवळ एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी ते राहायला होते. तात्यांना जपानी येत नव्हतं, म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं आणि इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं फार छान जमलं. म्हातारा-म्हातारी रोज संध्याकाळी एका बुटक्या टेबलाशी समोरासमोर बसत. दोघांचे वाडगे एकाच घडणीचे, म्हाताऱ्याचा मोठा, म्हातारीचा लहान. तिचा त्याने घ्यायचा नाही, त्याचा तिने घ्यायचा नाही. भात वाढायचा, वाडगा दोन्ही हातांनी उचलायचा, एकमेकांकडे बघून मान लववायची आणि मग जेवायचं. बोलणं फारसं नाहीच. "पन बाई, दोघंबी एकदम जेवायची," तात्या दर वेळी इथे थांबून सांगत, "आधी ह्यो आन मागनं ती, असं न्हाय. एकदम!" अशा जोडीला तिकडे 'म्योतो' म्हणतात म्हणे. तात्यांच्या भाषेत नवरावाडगा आणि बायकोवाडगी. निघायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याने त्यांना जवळच्या कुंभाराकडे नेलं आणि तात्यांनी स्वतः ही जोडी निवडली.

नवं भांडं वापरण्याआधी ते तांदळाच्या धुवणात उकळायचं, म्हणजे मातीची छिद्रं बुजतात, हे जपानी म्हातारीने त्यांना हातवाऱ्यांनी समजावलं होतं. वहिनींनी स्वयंपाकघराची वाट अडवल्यामुळे तात्यांनी मागल्या दारी तीन विटा मांडून चूल पेटवली. पलीकडून शेजारचे शामराव डोकावले.

"तात्या, काय शिजतंय?"

"वाडगं."

"व्हय, पन वाडग्यात काय शिजतंय?"

"वाडग्यात काय न्हाय. वाडगंच शिजतंय."

संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी होती की बाळू साळोखे जपानहून आला आणि भांडी शिजवून खायला लागला.

तो मोठा वाडगा तेव्हापासून तात्यांच्या अंगाला चिकटला. मिसळ खायला गेले तरी वाडगा. नृसिंहवाडीला दर्शनाला गेले, तिथली बासुंदी वाडग्यात. कागलला मुलीच्या सासरी लग्न होतं, तिथे पंगतीत बसल्यावर तात्यांनी पंचा सोडला आणि वाडगा पानापाशी मांडला. विहीणबाई तीरासारख्या आल्या. "आमच्या घरच्या वाट्या घान हायत व्हय?" लेकीचा चेहरा पडला. तात्यांनी शांतपणे वाडगा पांढऱ्या रश्श्याने भरून घेतला, दोन्ही हातांनी उचलला, एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा भरताना विहीणबाईंनी स्वतः पळी घेतली आणि "घ्या की पावणं, लाजू नगासा" म्हणून आग्रह केला. कोल्हापूरकडच्या बाईपुढे रस्सा पिऊन कुणी हरत नाही, हे तात्यांना चांगलं माहीत होतं.

पुष्कळ लोक तात्यांना सांगायला जात की हा वाडगा वाकडा आहे, तुम्हाला फसवलं. त्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं. "तुमचं नाक कुठं सरळ हाय?" एकदा त्यांनी पंच म्हणून मला बोलावलं. "बाई, तुमी गनिताच्या. ह्यो गोल हाय का न्हाय?" मी प्रामाणिकपणे सांगितलं की याला वर्तुळ म्हणता येणार नाही, जिकडून मोजाल तिकडून व्यास वेगळा येईल. मला वाटलं तात्या खट्टू होतील. तात्या खूश!

"येनारच! मानसानं केलंय. तुमच्या वर्गातल्या समद्या पोरी एकसारख्या हायत्या का?"

नाहीत, हे मला कबूल करावं लागलं. मग मी माझ्याकडून एक बारीक चूक काढली. वाडग्याच्या आतल्या चकाकीवर केसासारख्या चिरांचं जाळं होतं. म्हटलं, तात्या, याला तर नवा असतानाच तडे गेलेत. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मी नापास मुलीकडे पाहते. "तडा न्हाय त्यो. रेघा हायत. मुद्दाम हुत्यात. आपुन खाईल तसतसा रेघांत रंग उतरतोय. ज्याचं जसं जेवान, तसं त्येचं वाडगं."

आणि खरोखरच तसं झालं. बुधवार-रविवारच्या तांबड्या रश्श्याने वर्ष-दोन वर्षांत मोठ्या वाडग्याच्या आत तांबूस रेघांचं जाळं उमटलं, भूगोलाच्या नकाशातल्या नद्यांसारखं. तात्या ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. लहान वाडगी मात्र आतून साफ पांढरी होती. तिच्यात कुणी जेवतच नव्हतं.

हेच तर खरं दुखणं होतं. हौसावहिनी त्या वाडगीला शिवायला तयार नव्हत्या. कप-बशा सोडल्या तर चिनी मातीचं भांडं त्यांच्या स्वयंपाकघरात कधी गेलं नव्हतं, आणि त्या कप-बशांचीही जागा बाहेरच्या फळीवर. "राख लावून घासता येत न्हाय, त्यात जेवायचं कसं?" हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खोडायला तात्यांना जमलं नाही. तात्या मागे हटणारे नव्हते. त्यांनी सागवानाचं टेबल केलं आणि जड, पाठ असलेल्या दोन खुर्च्या केल्या. दोनच. गल्लीत तोवर टेबलावर कपड्यांना इस्त्री होत असे आणि मुलांचे अभ्यास होत, टेबलावर जेवायची कल्पना कुणी केली नव्हती. एका बाजूला नवरावाडगा, समोरच्या बाजूला बायकोवाडगी पालथी घातलेली.

टेबलाच्या उद्घाटनाला आम्ही नवरा-बायको जेवायला होतो. माझे यजमान भिडस्त. वाढायला सुरुवात झाल्यावर ते आपले जवळच्या खुर्चीवर टेकायला गेले, तशी तात्यांनी एवढ्या मोठ्याने हाक दिली की ते अर्धवट वाकलेलेच राहिले. "तितं न्हाय! ती हौसाची हाय." मग आम्ही दोघं पाटावर बसून जेवलो, तात्या एकटे वर खुर्चीवर बसले आणि ती दुसरी खुर्ची सबंध जेवणभर रिकामी राहिली. वहिनी वाढत होत्या. "बस की आता," तात्या दर वेळी म्हणत. "तुमी जेवा," वहिनी दर वेळी म्हणत.

त्या सागवानी खुर्च्या फरशीवर सरकताना असा काही आवाज करत, की आमच्या मांडणीतली भांडी किणकिणायची. त्यामुळे रोज रात्री भिंतीपलीकडचा प्रसंग आम्हाला पाठ झाला होता. आधी एक खुर्ची सरकायची. तात्या बसले. मग, "ये की गं, बस."

"मला न्हाय भूक."

"एकडाव बसून तर बघ."

"बायकूच्या जातीनं खुर्चीवर बसून नवऱ्याच्या म्होरं जेवायचं? काय लाज हाय का न्हाय?"

"जपानात बसत्यात."

"मग जपानची करायची हुती."

यानंतर तात्या जेवत. खुर्ची पुन्हा सरके. आणि मग कितीतरी वेळाने स्वयंपाकघरात वहिनींचं ताट वाजे. त्या चुलीपाशी जमिनीवर बसून, सगळं आवरल्यावर, उरलंसुरलं त्या ताटात घेऊन जेवायच्या. लग्न झाल्यापासून त्या तशाच जेवत आल्या होत्या, त्यांची सासूही तशीच जेवत होती. एका घरात दोन माणसं आणि दोघंही एकेकटी जेवतात, हे ऐकताना मला दर वेळी चुटपुट लागे. पण भिंतीआडून ऐकलेल्या गोष्टीत तोंड कसं घालणार?

एकदा वहिनींनी दुधाच्या पातेल्यावर ती वाडगी झाकण म्हणून पालथी घातली. मांजर फार सतावत होतं म्हणे.  तात्यांनी वाडगी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि दिवसभर त्यांचा आवाज आमच्या घरात आला नाही. आमच्याच घरात काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं. वहिनींनी पुन्हा तसं केलं नाही. त्या रविवारपासून तात्या दर आठवड्याला ती वाडगी स्वतः मऊ फडक्याने पुसू लागले.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग तात्यांच्या वेडाने नवी उडी मारली. उद्यमनगर सायकलने काही लांब नाही. तात्या रोज दुपारी घरी येऊन गरम जेवायचे. अचानक त्यांनी दुपारचं घरी येणं बंद केलं. सकाळीच डबा, पंच्यात वाडगा, सायकलच्या हॅण्डलला पिशवी, की निघाले. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "फौंड्रीतली पोरं वाडगं बघाय मागत्यात." आता ते वाडगं फौंड्रीतल्या पोरांनी इतकी वर्षं पाहिलं नव्हतं काय? गल्लीचं एकमत झालं की बाळूतात्यांना आता वाडगा बायकोपेक्षा प्यारा झाला. मलाही, खरं सांगते, वहिनींची दया आली. निदान दुपारी तरी माणूस घरात दिसायचा.

त्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. एरवी मी दुपारी वर्गात असते, पण त्या दिवशी घरी पापड लाटत बसले होते. आणि भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. मांडणीतली भांडी किणकिणली. मला आनंद झाला. तात्या आले वाटतं आज जेवायला! नव्या कैरीच्या लोणच्याची वाटी घेतली आणि मागल्या दाराने, नेहमीसारखी, हाक न मारता आत गेले.

तात्या नव्हते. हौसावहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. बसल्या म्हणजे कशा, तर दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून. समोर टेबलावर आमटीचं भांडं. आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत ती लहान वाडगी तोंडाशी धरलेली. अगदी तात्या दूध कट्ट्यावर धरतात तशी. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे, तात्यांच्या जागी, पाण्याचा तांब्या आणि भरलेलं फुलपात्र ठेवलं होतं.

मला पाहताच त्यांनी वाडगी पदराखाली घेतली. मग स्वतःच हसल्या आणि बाहेर काढली.

"लोनचं हाय व्हय? वाडा की हितंच," त्या म्हणाल्या आणि वाडगी पुढे केली.

मी वाढलं. दुसऱ्या खुर्चीवर बसायचा मला धीर झाला नाही, म्हणून उंबऱ्यावर टेकले. कधीपासून, असं विचारलं.

"लई दिस झालं. आधी ह्येंचं दुपारचं यायचं चुकलं तर कधीमधी, आता रोजच. एकदा आपलं बघावं म्हनलं, काय हाय ह्यात एवढं. तर हातात कशी उबदार लागली बगा. आन ताटातलं वरन पळतंय समदीकडं, ह्यात कसं ग्वाड बसतंय." त्यांनी एक घोट घेतला. "एवढ्या लांबनं मांडीवर घिऊन आलं मानूस. साडी आनली असती तर फाटून गेली असती आत्तापातुर."

"मग संध्याकाळी तात्यांबरोबर का बसत नाही वहिनी? ते रोज बोलावतात."

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अवघड मागितलं होतं. "इतकी वर्सं न्हाय म्हनलं. आता कुठल्या तोंडानं व्हय म्हनू? आन त्येंच्या म्होरं खुर्चीवर... मला घासच गिळायचा न्हाय, बाई. तुमी सांगू नगा हं त्यास्नी."

मी शब्द दिला. त्या फुलपात्राचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस मी रोज दुपारी ती खुर्ची सरकायची वाट बघायची. ती सरकली की मलाही शांतपणे जेवण जाई. आणि मग एका दुपारी, खुर्ची सरकून थोडाच वेळ झाला असताना, मी दारात पापड वाळत घालत होते आणि गल्लीच्या तोंडाशी तात्यांची सायकल दिसली.  आता हा माणूस सरळ आत जाणार, ती बिचारी टेबलापाशी सापडणार, आणि तात्यांचा तो आवाज! "शेवटी बसली का न्हाय!" म्हणून सगळ्या पेठेला ऐकवतील. मग त्या पुन्हा जन्मात त्या खुर्चीवर बसायच्या नाहीत.

मी धावत पुढे गेले. "तात्या, आज इकडे कुठे?"

"लाईट गेली उद्यमनगरात. मालकानं सोडलं."

आता याला अडवायचं कसं? मला एकच उपाय सुचला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून म्हटलं, "तात्या, तो तुमचा वाडगा जरा दाखवता का हो? त्या रेघा मला नीट बघायच्या आहेत."

तात्यांनी सायकल माझ्या भिंतीला टेकवली. माझ्या पायरीवर बसले. आणि मी पहिल्यांदाच ऐकला असा, अगदी हलका आवाज त्यांनी काढला.

"बाई, मला थांबवू नगासा. मी आत जानारच न्हाय."

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"दर ऐतवारी मी पुसतोय की ती वाडगी. रेघा पांढऱ्या हुत्या. मग एक दिस बघितलं तर जरा पिवळं दिसलं. म्हनलं, डोळं बिघडलं माजं. म्होरल्या ऐतवारी आनि पिवळं." तात्यांनी मांडीवरच्या पंच्याची गाठ सोडली आणि आपला वाडगा माझ्यापुढे धरला. "माजं बगा तांबडं झालंय. तिचं पिवळं हुतंय. हळदीचं हाय. आमटी-भात खाती वाटतं."

"मग तात्या," मी म्हटलं, "म्हणून तुम्ही दुपारी घरी येत नाही?"

"मी आलो तर ती भुईवर बसंल न्हवं?" तात्या म्हणाले. "रातच्याला बसतीच की भुईवर. दुपारचं तरी टेबलाला जेवू दे. मी काय, कुठंबी जेवीन."

 डोळे भरून आले ते लपवायला मी पापड उलटे करत बसले, जे अजून वाळलेच नव्हते. गल्लीने या माणसाला बायकोपेक्षा वाडगा प्यारा असल्याचं ठरवलं होतं. आणि हा इकडे रोज भट्टीच्या उष्णतेत, लोखंडाच्या धुरळ्यात एकटा डबा उघडत होता, ती टेबलाशी बसून जेवावी म्हणून. मग मी विचारलं की रात्री अजून रोज बोलावता, ते कशाला?

"मी गप बसलो तर तिला कळंल की मला म्हाईत झालंय."

तात्यांनी डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत वळले, तेवढ्यात शेजारच्या दारातून हाक आली. वहिनी बाहेर आल्या नव्हत्या. दाराआडून नुसता आवाज.

"आवं, उनात बसून काय जेवताय परक्याच्या पायरीवर?"

तात्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सायकल माझ्या भिंतीला टेकवलेली, तिचं हॅण्डल वहिनींच्या खिडकीतून सरळ दिसत होतं. ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काय न्हाय, बाईंस्नी वाडगं दावत हुतो," तात्या म्हणाले.

"वाडगं काय आज नवं हाय व्हय? या आत. आमटी निवतीया."

तात्या उठले. डबा तसाच उघडा माझ्या पायरीवर राहिला. वाडगा मात्र दोन्ही हातांत होता. दारापाशी गेल्यावर ते थांबले, चपला काढल्या, एरवी कधी करत नाहीत तशी टोपी नीट केली आणि आत गेले.

मी घरात आले आणि भिंतीजवळ उभी राहिले. वाईट सवय आहे हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मला कुणी हलवू शकलं नसतं. एक खुर्ची सरकली. भांडी किणकिणली. तात्या बसले.  पळीचा आवाज. आमटी वाढली.  आता ताट वाजेल, मी म्हटलं, आता चुलीपाशी ताट वाजेल आणि संपलं सगळं.

ताट वाजलं नाही. दुसरी खुर्ची सरकली. सावकाश, थांबत थांबत सरकली, आणि आमच्या मांडणीतला एक पेला खाली पडला. मी तो उचलला नाही.

 मग तात्यांना राहवलं नसावं. त्यांच्या मानाने अगदी हळू, पण मला स्वच्छ ऐकू आलं.

"दोन्ही हातांनी."

"म्हाईत हाय मला," वहिनी म्हणाल्या. "गप जेवा."